गर्भाला अभय कोण देतें?

आईच्या उदरांत वाढणारें मूल अर्धें पित्याचें, म्हणजे तिच्या रक्ताच्या दृष्टीनें अर्धें परकें असतें. परक्या कातडीचें ठिगळ शरीराला लावलें, तर रक्तांतील पांढऱ्या पेशी तें टिकूं देत नाहींत. मग गर्भालाच अभय कां? हा प्रश्न इंग्लंडमध्यें पीटर मेडावर यांनीं १९५३ सालीं मांडला.

उत्तराचा एक धागा केंब्रिज येथें १९०१ सालींच हातीं आला होता. हॉपकिन्स व कोल यांनीं दुधांतील प्रथिनापासून ट्रिप्टोफॅन हें द्रव्य वेगळें काढलें. तें शरीराला स्वतः बनवितां येत नाहीं. अन्नांतूनच मिळवावें लागतें.

पुढें १९९८ सालीं अमेरिकेंतील ऑगस्टा येथें मन व मेलर यांनीं गाभण उंदरिणींना ट्रिप्टोफॅनचें विघटन थोपविणारें औषध दिलें. परक्या वाणाच्या नरापासून राहिलेले गर्भ नष्ट झाले. स्वतःच्याच वाणाचे टिकले. अनुमान असें निघालें कीं, वारेंतील एक एन्झाइम ट्रिप्टोफॅन फोडून त्याचें किन्युरेनिन बनवितें. त्यामुळें लढाऊ पांढऱ्या पेशींची एकीकडे उपासमार होते, तर दुसरीकडे किन्युरेनिन त्यांचा आवेश निववितें.

कर्करोगाच्या कित्येक गांठीही हीच युक्ति योजितात. ती मोडणाऱ्या एपॅकॅडोस्टॅट या औषधाची मोठी चांचणी मात्र २०१८ सालीं फसली. शिवाय तें एन्झाइम जन्मतः नसलेल्या उंदरिणीही सुखरूप वितात. निसर्गानें गर्भाच्या दाराचें रक्षण एकाच कुलपावर सोंपविलेलें नाहीं.