मंचर, ओतूर आणि चार प्रश्नचिन्हे

'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वापरतो. अरबी-फारसीतून येऊन तो मराठीत इतका रुळला की त्याचे मूळ गाव कुणी विचारत नाही. पत्राच्या माथ्यावर शिक्का, शेवटच्या ओळीखाली मोर्तब. पत्र कुणाचे हे शिक्का सांगे. मजकूर इथे संपला, याखाली कुणी काही वाढवले तर ते खोटे, हे मोर्तब सांगे.

१४९० साली मलिक अहमदने जुन्नरहून निजामशाही उभी केली. दख्खनच्या सुलतानांच्या त्या काळातले कितीतरी कागद दुहेरी आहेत: वर फारसी मजकूर, खाली तोच मोडीतल्या मराठीत. फारसी दरबारासाठी, मराठी गावच्या पाटील-कुलकर्ण्यांसाठी. हुकूम एक, वाचणारे दोन. दोघांना जुळवून घेण्याचे कष्ट मात्र दरबारी कारकुनाचे.

श्रोतेहो, आज ओळख पटवायची असते ती मोबाइलमधल्या अ‍ॅपने, दूरच्या सर्व्हरपुढे. त्या दोघांच्या बोलीला एचटीटीपी म्हणतात. तिच्या १९९६ सालच्या नियमांत ओळखीची एक साधी रीत आहे. सर्व्हर ४०१ हा आकडा सांगतो. म्हणजे 'कोण आहात?' मग अ‍ॅप नाव आणि पासवर्ड यांच्यामध्ये दोन टिंबे देऊन ते जोडते, चौसष्ट चिन्हांच्या लिपीत लिहिते आणि पाठवते. १९९९ मध्ये हे नियम नव्याने लिहिले गेले. पण अक्षरे कोणत्या तक्त्यावरून आकड्यांत बदलायची, हे तेव्हाही सांगायचे राहिले. इंग्रजी लिहिणाऱ्यांचे काही अडले नाही. अडले ते आपले.

पश्चिम युरोपच्या लिपींसाठी केलेल्या जुन्या तक्त्यात देवनागरीला जागा नाही. अँड्रॉइडची अ‍ॅप लिहिणाऱ्यांच्या नेहमीच्या वापरातले 'ओकेएचटीटीपी' हे साधनही, वेगळे सांगितले नाही तर, या रीतीसाठी तोच तक्ता धरते. जागा नसलेल्या प्रत्येक चिन्हाऐवजी मग प्रश्नचिन्ह पडते. आंबेगाव तालुक्यातले मंचर पासवर्ड म्हणून घ्या: म, अनुस्वार, च, र. चार प्रश्नचिन्हे. जुन्नर तालुक्यातले ओतूर घ्या: ओ, त, दीर्घ ऊकार, र. तीही चारच. दोन तालुक्यांतली दोन गावे यंत्राच्या लेखी एकच झाली!

सर्व्हर नीट असेल तर उत्तर येते, 'पासवर्ड चुकीचा'. माणूस पुन्हा पुन्हा लिहितो आणि शेवटी स्वतःलाच दोष देतो. सर्व्हरनेही तोच तक्ता धरला असेल तर प्रकार आणखी वाईट. मंचरच्या कुलपाला ओतूरची किल्ली लागते.

दुसरी अडचण अशी. ४०१ म्हणताना कोणत्या रीतीची ओळख हवी तेही सर्व्हरने सांगावे, असा नियम आहे. काही सर्व्हर ते सांगत नाहीत आणि अँड्रॉइडची जुनी साधने तिथेच अडून बसत. त्यावर तोडगा म्हणून काही अ‍ॅप विचारण्याआधीच ओळख पाठवून मोकळी होतात. काम होते, पण चौसष्ट चिन्हांची लिपी हे नुसते वेष्टन आहे, कुलूप नव्हे. वाटेत कुणीही ते सोडून वाचू शकतो. म्हणून हा तोडगा एचटीटीपीएसच्या सुरक्षित वाटेवरच चालवावा.

देवनागरीसाठी एक सोपी पळवाट सांगितली जाते: पासवर्ड इंग्रजी अक्षरांत ठेवा. घरात दखनी बोलणारा आणि कविता मराठीत लिहिणारा मी. लिपी बदलण्याचे मला वावडे नाही. पण त्याने दार दुरुस्त होत नाही. जुळवून घेण्याचे कष्ट तेवढे कारकुनाकडून गावकऱ्याकडे जातात.

खरा उपाय २०१५ च्या नियमांत आला. 'मी यूटीएफ-८ वाचतो', असे सर्व्हर आता आधीच सांगू शकतो. त्या तक्त्यात मंचरचे बारा आकडे होतात, ओतूरचेही बाराच, पण वेगळे. अ‍ॅपनेही तोच तक्ता धरावा. सर्व्हरने हवे तर जुना मजकूर जुन्या तक्त्याने वाचून पाहावा. दुहेरी कागदाचीच ही रीत.

अ‍ॅप बनवणाऱ्या तरुणांना एवढेच सांगेन: ते लोकांच्या हाती देण्याआधी पासवर्ड म्हणून 'मंचर' ठेवा आणि आत जाऊन पाहा. मग बाहेर येऊन 'ओतूर' लिहा. तरीही दार उघडले, तर तुमचे काम अजून बाकी आहे.