मलमाआधीचा इशारा

स्टेरॉइड मलमांचा इतिहास वाचताना मला सालांचा क्रम खटकतो. अधिवृक्क ग्रंथींचा अर्क भरपूर दिला की उंदरांच्या स्वतःच्या ग्रंथी सुकतात, हे ड्वाइट इंगल आणि एडवर्ड केंडल यांनी १९३७ मध्येच दाखवले होते. रक्तात कॉर्टिसॉलसारखे द्रव्य पुरेसे दिसले की मेंदूतली पीयूषिका हुकूम सोडणे थांबवते. बिनकामाची ग्रंथी आक्रसते. हायड्रोकॉर्टिसोनचे मलम त्वचारोगांवर गुणकारी असल्याचे सुल्झबर्गर आणि विटेन यांनी मांडले ते १९५२ साली. म्हणजे इशारा मलमाच्या पंधरा वर्षे आधी हजर होता! ते मलम सौम्य, म्हणून निभावले. पुढचे क्लोबेटासोल इतके जहाल, की दिवसाला अवघे दोन ग्रॅमही हा हुकूम दाबू शकतात. तान्ह्या बाळाच्या लंगोटाखाली तर मलम अधिकच मुरते.

आपल्याकडे मात्र ‘वरून लावायचे’ म्हणून अशी मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीच्या सक्तीतून सुटली होती. चौदा स्टेरॉइडांची ती सूट २०१८ मध्ये निघाली. तोवर नायट्यावर, गोरेपणासाठी ट्यूबमागून ट्यूब संपल्या. दीर्घकाळ लावलेले जहाल मलम एकदम सोडले तर थकवा, मळमळ, रक्तदाब उतरणे असे होऊ शकते. आणि ‘कोणती औषधे घेता?’ या प्रश्नाला ट्यूबचे नाव सहसा कुणी सांगत नाही.