कुडाच्या भिंतीची कुळकथा

सातपुड्यात अक्कलकुव्याहून मोलगीकडे निघालं की देवगोईचा घाट लागतो. श्रावणात या घाटात हवेचा भरवसा धरता येत नाही. पायथ्याशी लख्ख ऊन, मधल्या वळणांवर समोरचं झाड दिसू नये इतकं धुकं, आणि वर पोचेपर्यंत अंगावर सरी. मोलगी-डाबच्या बाजूला चार दिवस पायी भटकायला जाणाऱ्याला ही लहरी हवाच हवी असते. भिजावं, परत येऊन चुलीपाशी बसावं, उघडीप मिळाली की पुन्हा निघावं. अशा सुट्टीहून आलेली माणसं धबधब्यांबद्दल भरभरून बोलतात. ज्या भिंतीच्या आडोशाला ती कोरडी झाली तिची आठवण सहसा निघत नाही. मला त्या भिंतीची कुळकथा सांगायची आहे, कारण या डोंगरातली ती फार जुनी रहिवासी आहे.

ही भिंत म्हणजे कूड. इथली भिल्ल, पावरा कुटुंबांची घरं दाटीवाटीने उभी नसतात. पाड्यावर, आपापल्या शेतात, टेकाडाच्या अंगाला एकेकटं घर असतं आणि वारापाऊस त्याला चारी अंगांनी झोडपतो. छपराचा सगळा भार सागाच्या मेढींवर. मेढीच्या बेचक्यात आडवं लाकूड, त्यावर वासे, वाशांवर कौलं. भिंतीने काही पेलायचं नसतं, दोन मेढींमधली जागा तेवढी बंद करायची असते. म्हणून ती हलकी चालते. बांबू उभा चिरून त्याच्या कामट्या काढायच्या, त्या आडव्याउभ्या विणून तट्ट्या करायच्या, मेढींना बांधायच्या आणि शेणमातीने लिंपायच्या. सातपुड्यात मानवेल जातीचा भरीव, चिवट बांबू आहे, त्यामुळे सामान दारातच मिळतं.

अशा कुडाजवळ जरा थांबून पाहावं. लिंपणावर बोटांच्या अर्धगोल रेघा असतात, एकीवर एक चढलेल्या. जिथे पोपडा सुटलेला असतो तिथे आतली कामटी दिसते, आणि तिला चिकटलेल्या मातीत विणीचा ठसा जसाच्या तसा उमटलेला असतो. कित्येक घरांत कूड वरपर्यंत लिंपत नाहीत. वरची फट मोकळी ठेवली की चुलीचा धूर तिथून निघून जातो आणि जाता जाता छपराच्या लाकडाला किडीपासून राखतो. वळचण इतकी खाली ओढलेली असते की आत शिरताना वाकावं लागतं. आडव्या पावसाचं पाणी भिंतीपर्यंत पोचू नये याची ती तजवीज. मातीची भिंत दमट हवेत ओल शोषते आणि ऊन पडलं की सोडून देते. दिवसातून तीनदा हवा पालटणाऱ्या डोंगरात याहून शहाणी भिंत मला सुचत नाही.

आता तिचं वय. लाकूड आणि बांबू मातीत टिकत नाहीत, म्हणून अशा घराचा पुरावा उरतो तो दोन रूपांत. मेढ कुजून गेली तरी तिचा खड्डा वेगळ्या रंगाच्या मातीने भरलेला सापडतो. आणि घर कधी जळलं असेल तर कुडावरचं लिंपण भाजून विटेसारखं टणक होतं, त्यात कामट्यांचे ठसे राहतात. पोपड्यामागे आज जो ठसा दिसतो, तोच. अक्कलकुवा तालुक्याची उत्तर सीमा नर्मदा आहे. याच नदीवर, वरच्या अंगाला महेश्वरच्या समोर नवदाटोली आहे. तिथे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952-53 मध्ये आणि पुढे 1957 ते 1959 या काळात उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची घरं तिथे मिळाली, काही गोल, काही चौकोनी. लाकडी खांब, त्यांच्याभोवती बांबूची तट्टी, दोन्ही बाजूंनी मातीचं लिंपण. दक्षिणेकडे, तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे आहे. भाविकांचं तीर्थक्षेत्र म्हणून ते सगळ्यांना ठाऊक असतं, पण 1954-55 मध्ये बी. के. थापर यांनी तिथे खणलं तेव्हा तळाशी याच ताम्रपाषाणयुगाची वस्ती निघाली. म्हणजे सातपुड्याच्या दोन्ही पायथ्यांना हे शेतकरी नांदत होते.

हवेशी या भिंतीचं नातं किती घट्ट आहे हे सगळ्यात चांगलं कळतं ते पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 अशी वर्षानुवर्षं तिथे खणून शंभराहून अधिक घरं उजेडात आणली. सुरुवातीची घरं ऐसपैस, चौकोनी, कुडाच्या भिंतींची. इ. स. पू. 1000 च्या सुमारास ती आक्रसत गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या. पाऊसमान घटलं, शेती हटली, माणसं गुराढोरांमागे फिरू लागली, अशी संगती म. के. ढवळीकरांनी लावली. मला ही संगती पटते. घर बदललं, घेर बदलला, पण कूड बांधण्याची रीत सुटली नाही.

आणि ही रीत काही आपल्याच मुलखापुरती नाही. इंग्लंडच्या खेड्यांतली जुनी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची घरं लोक हौसेने भाड्याने घेऊन सुट्टी घालवतात. त्यांच्या लाकडी चौकटींत हेझल या झुडपाच्या फांद्या विणून वर माती, गवत आणि शेण लिंपलेलं असतं. पेरूमध्ये 1746 च्या भूकंपाने लिमा शहर जमीनदोस्त झालं, तेव्हा वरचे मजले वेळू-मातीच्या हलक्या भिंतींचेच बांधावेत असा सरकारी हुकूम निघाला. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात हजारो माणसं दगड-मातीच्या जाड, जड भिंतींखाली गेली. कूड हादऱ्याबरोबर डोलतो, तडकतो, त्याचं लिंपण गळतं, पण तो माणसावर ढिगाऱ्यासारखा कोसळत नाही.

तरीही अक्कलकुव्याच्या पाड्यांवर तो मागे हटतो आहे, आणि त्याची कारणं खरी आहेत. दरवर्षी पावसाळा सरला की लिंपण नव्याने करावं लागतं आणि ते कष्ट बहुतेक बायांच्या वाट्याला येतात. उंदीर पोखरतात, पावसाळी बांबू तोडला तर भुंगा लागतो. सरकारी मोजदादीत अशा घराची गणती कच्च्यात होते आणि घरकुलाचे पैसे विटा-सिमेंटवर खर्च होतात. त्यात बांबू वापरायचीच पंचाईत होती. 1927 च्या वन कायद्याने बांबूला झाडांत धरलं होतं, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून न्यायलाही परवान्याची कटकट. 2006 च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज मानला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने 2011 मध्ये आपल्या जंगलातला बांबू विकण्याचा हक्क मिळवला. अखेर 2017 मध्ये वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्याच्या झाडांतून वगळला गेला.

किडीवरही उपाय आहे. पावसाळा संपल्यावर तोडलेला बांबू वाहत्या पाण्यात भिजवला की त्यातला पिष्टांश निघून जातो, बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरवला तर तो वर्षानुवर्षं टिकतो. नागपूरचे वास्तुविशारद विनू काळे आयुष्यभर बांबूचा आग्रह धरत राहिले. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी मेळघाटात लवादा इथे संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं, तिथे कोरकू तरुण बांबूकाम शिकून त्यावर पोट भरू लागले.

डाब-मोलगीकडे पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्याच असतील तर त्या कुडाच्या बांधाव्यात. पायाला दगडी जोतं, मेढी सागाच्या, बांबू मुरवलेला, वळचण रुंद, आणि बांधायला पाड्यावरचे कारागीर, ठरलेल्या रोजाने. वर्षाच्या लिंपणाचेही पैसे खोलीच्या भाड्यातून द्यावेत, म्हणजे ते कुणा बाईच्या फुकट कष्टांवर पडणार नाही.