कुईकुईचं मूळ

फियाट खड्ड्यात गेली की पुढून ‘कुई’ असा आवाज यायचा. जुना मेकॅनिक मग बॉनेट उघडायच्या फंदात पडत नसे. मडगार्डवर भार देऊन तो गाडी खालीवर दाबायला लावी, स्वतः सस्पेन्शनच्या आर्मवर हात ठेवी. थरथर जिथे लागली, दुखणं तिथे.

कुर्ल्यात १९६४ पासून बनलेली फियाट ११०० डिलाइट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी. तिच्या पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग, विशबोन आणि किंगपिन. किंगपिन कोरडा पडला की जॅक लावायचा, ग्रीसचं निपल पुसायचं आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येईस्तोवर गनने नवं भरायचं. रबरी बुशची तऱ्हा वेगळी. पाणी शिंपडल्यावर कुरकुर घटकाभर थांबली, तर बुश बदला. त्यावर इंजिन ऑइल ओतणारे महाभाग रबर फुगवून ठेवत!

इकडे पिंपरी-चिंचवडमधलं चिखली हे टाटांच्या मोटारींचं गाव. इथल्या पट्ट्यातली इंडिका १९९८ मध्ये आली ती पुढे मॅकफर्सन स्ट्रट घेऊनच. किंगपिन गेला, त्याच्याबरोबर ग्रीस गनची वारीही.

मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. जुन्या लोखंडाचा आसराही पुढे गेला: चिखलीतल्याच कुदळवाडीच्या भंगार बाजारावर फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेचे बुलडोझर फिरले.