हेलसिंकी ते टोकियो, व्हाया उत्तर ध्रुव

दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश द्या, हॅवरसाइनचं सूत्र लावा, अंतर हजर. पाच-सहा ओळींचा कोड. हेलसिंकी ते टोकियो सुमारे ७,८०० किलोमीटर येतं. ताशी ८५० ने भागा, म्हणजे नऊ-साडेनऊ तास. उत्तर बरोबर आहे. फक्त एक गोष्ट कोडला माहीत नाही : मधली जवळजवळ सगळी वाट रशियावरून जाते.

शीतयुद्धात ती बहुतेक पाश्चात्त्य विमानांना बंदच होती. १९५७ साली एसएएसने कोपनहेगनहून टोकियोला ध्रुवीय मार्गाने विमानं सुरू केली, ती अलास्कात अँकरेजला इंधन भरून पुढे जायची. प्रवास ३० तासांच्या वर, तरी भारतावरून जाणाऱ्या दक्षिणेकडच्या वाटेपेक्षा बराच कमी! मग एप्रिल १९८३ मध्ये फिनएअरने डीसी-१० मध्ये जादा इंधनाची सोय करून कुठेही न थांबता हेलसिंकी-टोकियो गाठलं. सरळ उत्तरेला, ध्रुवावरून पलीकडे, मग अलास्का आणि सैबेरियाच्या मधल्या चिंचोळ्या फटीतून पॅसिफिकवर. १३ तास.

ध्रुवाजवळ होकायंत्र भरवशाचं राहत नाही, आणि रेखांश इतके दाटीने येतात की नाक समोर ठेवून उडत असतानाही कागदावरची दिशा सारखी बदलत राहते. ऐन ध्रुवावर तर सगळ्याच दिशा दक्षिण. (शून्याने भागाकार करून प्रोग्रॅम पाडलेल्यांना ही भानगड पटकन कळेल.) म्हणून तिथे नकाशावर चौकटींची वेगळी जाळी आखून, गायरोस्कोपच्या भरवशावर उडायचं.

चूक झाली तर काय होतं, ते त्याच वर्षी दिसलं. १ सप्टेंबर १९८३ ला अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे विमान शेकडो किलोमीटर भरकटून सोव्हिएत हद्दीत शिरलं. लढाऊ विमानाने ते पाडलं, २६९ माणसं गेली. पुढे चौकशीत निघालं ते असं, की ऑटोपायलट ठरलेल्या मार्गाला जोडलाच गेला नव्हता, विमान नुसती एक दिशा धरून चाललं होतं. एक मोड चुकीचा, बस्स. त्यानंतर दोन आठवड्यांत रेगन सरकारने जाहीर केलं, की जीपीएस तयार झालं की नागरी विमानांना फुकट मिळेल. आज पिझ्झावाला आपलं घर शोधतो त्याच्या मागे ही गोष्ट आहे. असो.

शीतयुद्ध संपलं आणि सैबेरियावरची वाट रुळली. रशिया त्यासाठी पैसे घ्यायचा, कंपन्या कुरकुरत द्यायच्या. फिनएअरने तर धंदाच या भूगोलावर उभा केला : युरोपातून आशियाला जायचं तर हेलसिंकी सगळ्यात सोयीचं, कारण ते त्या वाटेवरच आहे. २०१५ पासून त्यासाठी नवी कोरी ए-३५० विमानंही घेतली.

फेब्रुवारी २०२२. रशियाने युक्रेनवर हल्ला केला, युरोपने रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियाने उलट तेच केलं. आणि मार्चमध्ये फिनएअरने १९८३ ची वाट पुन्हा धरली. विमान कितीतरी सुधारलेलं, वेळ मात्र तीच, १३ तास.

त्या प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र आणि स्टिकर मिळत होतं. साडेतीन तास जास्त बसल्याबद्दल म्हणा हवं तर.