डिस्पोजलचा ट्रक

इतिहास हा विषय मला शाळेत कधी जमला नाही. सनावळ्या पाठ करायच्या आणि पेपरात पानिपतच्या तिन्ही लढायांची आपसातच मारामारी लावून द्यायची, एवढीच माझी मजल. पुढे पस्तिशी ओलांडल्यावर या विषयाची थोडी गोडी लागली ती एका ट्रकमुळे; आणि तीही तो चालू असताना नव्हे, बंद पडल्यावर. चालत्या गाडीला कोणी वंशावळ विचारत नाही. भर रस्त्यात थांबली, की मग तिचे आईबाप काढले जातात.

साल १९८२. लालबाग-परळच्या माणसाला या सालाबद्दल जास्त सांगावे लागत नाही. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि ज्या भोंग्यांच्या ठोक्यावर आमच्या आया चुलीवर भात चढवायच्या, ते भोंगे मुके झाले. त्यात १८ ऑगस्टला खुद्द पोलिसांतच उठाव झाला आणि शहरात दंगल उसळली. गणपती तर अगदी तोंडावर आलेले. वर्गणीला गेलो की माणसे प्रेमाने बसवून घेत, पाण्याचा तांब्या पुढे करीत आणि आमच्या हातातले पावतीपुस्तक दिसतच नाही असे दाखवीत. आम्हीही ते हळूच मांडीखाली सरकवीत असू. सात महिने पगार न पाहिलेल्या माणसापुढे पावती फाडायला कुणाचा हात धजणार?

मूर्ती लहान केली, रोषणाई अर्ध्यावर आणली. पण विसर्जनाला ट्रक हवाच. १८९३ साली गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला, तेव्हा हा प्रश्न नव्हता. तिथली मूर्ती आजही लहानच असते. पालखीला डिझेल लागत नाही आणि भोयांना एअर धरत नाही. आम्ही मात्र लालबागहून गिरगाव चौपाटी गाठणार, आणि तिजोरीत जेमतेम बँडवाल्याच्या विसाराचे पैसे! अशा वेळी परळचे एक ट्रकवाले मामा देवासारखे धावून आले. म्हणाले, "भाडं नको. डिझेल टाका, बाकीचं मी आणि बाप्पा बघून घेऊ."

भाडे का नको, ते ट्रक पाहिल्यावर कळले.

ट्रक डिस्पोजलचा होता. आजच्या मंडळींना हा शब्द फोडून सांगायला हवा. दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले, तेव्हा फौजांनी हिंदुस्थानात आणलेला माल परत न्यायचा म्हणजे बोटीचे भाडे मालापेक्षा जास्त. तेव्हा जीप, ट्रक, तंबू, बूट, कांबळी, सगळे जागच्या जागी विकून टाकले. त्या मालाला लोक 'डिस्पोजल' म्हणत. मामांचा ट्रक त्यातला, मूळचा कॅनडाचा. कॅनडाने त्या युद्धात आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने बनवली आणि त्यांतली पुष्कळशी ब्रिटिश साम्राज्याच्या रस्त्यांसाठी उजव्या हाताच्या चाकाची केली. नाक चपटे, इंजिन ड्रायव्हर आणि क्लीनर यांच्या मधोमध, आणि समोरची काच वरच्या बाजूने पुढे झुकलेली. ती तशी का, तर काचेची चकाकी आकाशातल्या विमानाला दिसू नये! त्या काचेला आम्ही झेंडूचे तोरण बांधले. हिटलरच्या विमानांपासून आमचा बाप्पा अगदी सुरक्षित होता.

तोंड असे लष्करी, पण मागची फळी आणि हौदा मुंबईचा, सुताराने ठोकलेला. आणि पोटात तिसरेच. मूळचे इंजिन पेट्रोलचे. युद्धात पेट्रोल रेशनवर गेले, तेव्हा आपल्याकडे मोटारींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या लावून त्या गॅसवर गाड्या हाकल्या. माझे वडील सांगायचे की त्या गाडीने प्रवास केलेला माणूस घरी आला, की आई आधी त्याला मोरीत पाठवायची. युद्ध संपले तरी पेट्रोल काही स्वस्त झाले नाही. डिझेल त्या मानाने परवडे, म्हणून पन्नास-साठच्या दशकांत जुन्या पेट्रोलच्या ट्रकांमध्ये डिझेल इंजिने बसवण्याची लाटच आली. पर्किन्सचे सहा सिलिंडरचे पी-६ तर मिस्त्री लोकांना तोंडपाठ. पुढे १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले आणि उरलेसुरले पेट्रोलवालेही वळले. मामांनी तेव्हाच इंजिन बदलले. थोडक्यात, ट्रकचा चेहरा हिटलरने घडवला होता आणि पोट अरबांनी. मधे जोडाजोड करणारा मिस्त्री तेवढा आपला होता, आणि दुखणे नेमके त्या जोडातच निघाले.

भायखळ्याहून वळून नागपाड्यात शिरलो आणि ट्रकने दोन उचक्या दिल्या. मामांनी पाय दाबला. तिसरी उचकी देऊन तो शांत झाला. बँड आपला वाजतोच आहे, पोरे नाचताहेत. ट्रक थांबल्याचे कळायला त्यांना दहा मिनिटे लागली. मग निदाने सुरू झाली. खजिनदार म्हणाले, डिझेल संपले असेल. (ते त्यांनीच भरले होते, त्यामुळे ही शंका त्यांना येणे स्वाभाविक होते.) एकाने नारळ फोडायला सांगितले. कुणी म्हणाले, निघताना काळी मांजर आडवी गेली होती; आणि बँडमास्तरांनी विचारले की आमचा वेळ आठपर्यंतच ठरलाय, पुढचं कसं? मामा मात्र इंजिनावरचे झाकण काढून आत वाकले होते. त्यांचा चेहरा मला दिसला. पुढच्या महिन्यात दसरा. दोन-तीन मंडळांची देवीची भाडी त्यांनी याच गाडीवर धरली होती. 'रस्त्यात बसणारा ट्रक' अशी ख्याती पसरली, की संपातल्या त्या दिवसांत घरात भाकरी कुठून यायची?

"आम्ही ओढतो," संपावरची पोरे म्हणाली आणि दोर बांधून खरोखरच ओढू लागली. सात महिने यंत्राला न लागलेले हात होते ते. शंभर-दीडशे पावले ट्रक गेलाही. मामा चाक धरून आत बसले होते आणि कुणाकडेही बघत नव्हते.

तेवढ्यात बाजूच्या गॅरेजमधून एक वयस्क मिस्त्री बाहेर आले. डोक्यावर जाळीची टोपी, हाताला ग्रीस. नागपाड्यात गॅरेजला तोटा नाही. त्यांनी कुणाला काही विचारले नाही. बोनेटमध्ये हात घातला, फीड पंपाची दांडी चार वेळा हलवली आणि म्हणाले, "पडदा फट गया. तेल ऊपर नहीं आता, खाली हवा खींचता है."

डिझेलच्या गाडीचे असे असते: टाकी खाली, इंजिन वर. मधला फीड पंप टाकीतले डिझेल ओढून फिल्टरमधून मोठ्या पंपाला देतो आणि मोठा पंप ते जोराने नोझलमधून सिलिंडरमध्ये फवारतो. फीड पंपात एक पातळ पडदा खालीवर होत असतो. तो फाटला की डिझेलऐवजी हवा, आणि हवेवर डिझेल इंजिन चालत नाही. मामांचा पंप कुठल्या तरी दुसऱ्याच इंजिनाचा होता, पट्टी ठोकून बसवलेला. त्याचा पडदा अनंत चतुर्दशीच्या रात्री मिळणार कुठे?

"पंप को छुट्टी दो," मिस्त्री म्हणाले. आतून त्यांनी ऑइलचा एक पाच लिटरचा डबा आणला, तळाशी नळी जोडली, डबा केबिनच्या टपावर, बाप्पांच्या पायाशी दोरीने आवळला, त्यात डिझेल ओतले आणि नळीचे दुसरे टोक थेट फिल्टरला दिले. उंचावरची वस्तू खाली येते, तिला पंप कशाला? मोठ्या पंपाचा स्क्रू सैल करून फेसाळणारी हवा जाऊ दिली, डिझेलची सलग धार लागली तेव्हा आवळला. पुढे मी वाचले, की ही युक्ती म्हणजे मोटारीचे बालपणच. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी खपलेल्या फोर्ड मॉडेल टी गाडीला पंपच नव्हता. टाकी सीटखाली, पेट्रोल आपल्या वजनाने उतरायचे. टाकीत थोडेच उरले आणि चढ लागला, की ते इंजिनाला पोहोचेना, म्हणून लोक घाट चक्क रिव्हर्समध्ये चढत. सासरी उलट्या तोंडाने पोहोचणारे जावई पाहण्यासारखे असतील.

ट्रकने धूर सोडला आणि मामांनी पहिल्यांदा मान वर केली. मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत. "डब्बा वापस देना," एवढेच म्हणाले आणि प्रसाद घेऊन आत गेले.

ऑपेरा हाउसला ट्रक पुन्हा बंद. आजूबाजूला मोटारीच्या सुट्या भागांची दुकानेच दुकाने, सगळी शटर ओढून झोपलेली! मामा टपावर चढले, तर आमच्या एका उत्साही कार्यकर्त्याने डिझेलात गुलाल पडू नये म्हणून डब्याचे झाकण गच्च लावलेले. वरून हवा आत शिरेना, म्हणून खालून डिझेल उतरेना. झाकण ढिले केले आणि गाडी चालू झाली. त्या कार्यकर्त्याला मामांनी जे ऐकवले, ते बँडमुळे बाप्पांना ऐकू गेले नसावे.

चौपाटीवर पोहोचलो तेव्हा उजाडायला लागले होते.

दसऱ्याची भाडी मामांनी डब्यावरच केली. डबा परत द्यायला ते नागपाड्यात गेलेही होते; मिस्त्री म्हणाले, पडदा मिळेपर्यंत राहू दे. पडदा मिळाला नाही. संप अधिकृतपणे मागे असा कधी घेतलाच गेला नाही, आणि दोन वर्षांनी ट्रक भंगारात गेला तो टपावरच्या डब्यासकट. आमच्या खजिनदारांनी मात्र त्या वर्षीच्या हिशेबात 'देणे' या सदरात लिहून ठेवले होते: डबा १, नागपाडा. पुढे खजिनदार बदलत गेले, आणि ती ओळ प्रत्येक जण इमानाने पुढच्या वर्षाच्या वहीत उतरवीत राहिला.