कुरुंदकरांचे ‘नाही’

मराठवाड्यात नास्तिक म्हटले की पहिले नाव येते ते नरहर कुरुंदकरांचे (१९३२-१९८२). नांदेडच्या पीपल्स महाविद्यालयाचे हे प्राचार्य स्वतःला उघडपणे नास्तिक म्हणवीत. पण या शब्दाने नेमके नाकारले काय जाते? मनूच्या लेखी वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. ईश्वराचा तेथे प्रश्नच नव्हता. म्हणूनच निरीश्वर सांख्य आणि मीमांसक आस्तिकांच्या पंगतीत बसले, बौद्ध-जैन बाहेर राहिले. ईश्वर न मानणारा तो नास्तिक, हा अर्थ मागाहून रूढ झाला. कुरुंदकर आम्हांस दोन्ही अर्थांनी नास्तिक दिसतात. मनुस्मृतीची त्यांनी कठोर चिकित्सा केली. महाभारतात मात्र ते मनापासून रमले. नास्तिक म्हणजे परंपरेचा वैरी, हा समज (वर्गातही भेटतो तो!) येथे टिकत नाही.

देवाचा वैरी, हा समज तर त्याहून फसवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली होती. ‘देव कुठे होता?’ असे अशा वेळी जो विचारतो, तो देवावर रुसलेला भाविक असतो. नास्तिकाला हा प्रश्न पडतच नाही. दगडमातीच्या जड भिंतींखाली एवढी माणसे का गाडली गेली, हे तो विचारतो.